किरटं

"मोठाच उचलला आसंल की मी. बारका कोन उचलतंय?"

नेटा सूटर एवढं बोलली आणि धुतलेल्या काचेच्या बाटल्या परत ट्रेमध्ये रचायला लागली. रोना प्रयोगशाळेतल्या धुण्याच्या खोलीच्या दारातच उभी राहिली.

"नेटा, नीट आठवून सांग. फ्रीजर बंद पडला होता ना, त्या उन्हाळ्यातलं विचारतेय मी."

"मग त्येच सांगतीया न्हवं? मी कामाला लागून म्हयना झाला नव्हता. सोमवारी येऊन बगते तर फ्रीजरच्या दारातनं पानी गळतंय. समद्यांची पळापळ. मला म्हनले, ह्या कुप्या घे, वितळल्यात पर आजून जित्त्या हायत. एकेकीतलं बशीवर रेघाट, ठिपकं उगवलं की एक ठिपका उचल आन नव्या कुपीत भर. भरलं मी."

"एक म्हणजे कुठला?"

"आता ठिपक्याला काय नाव आस्तंय का, पोरी? चांगला टपोरा बगून उचलला. तू तरी काय येगळं केलं आस्तंस?"

"मी बारका उचलला असता."

हे रोनानं इतकं हळू म्हणलं, की नेटाच्या हातातली बाटली हातातच राहिली.

"एक उचल असं तुला सांगितलं कुणी?"

"हेक्टरनं. तवा त्येच्या डोस्क्यावर क्यास हुतं."

एरवी अशा बोलण्यावर रोना खुदकन हसायची. आज तिनं स्टूल ओढलं, बसली आणि भिंतीकडं बघत राहिली. खिडकीबाहेर समुद्रावरून आलेलं धुकं टे नदीच्या पुलावर बसलं होतं. स्कॉटलंडातल्या या डंडीत नोव्हेंबर लागला की ते धुकं एकदा बसतं आणि पाव्हण्यासारखं उठायचं नाव घेत नाही.

रोना एडिंबराची. डॉक्टरकीची पदवी करायला इथं आलेली. औषधपाण्याची डॉक्टरकी नव्हे, संशोधनाची. तिला दिलेलं काम एका यीस्टचं होतं. पाव फुगवायला आणि बीअर आंबवायला जे यीस्ट लागतं, त्याचाच हा एक वाण, पण खोड असलेला. तिचा मार्गदर्शक हेक्टर इम्री, त्याच्या आधी जो म्हातारा प्रोफेसर ही प्रयोगशाळा चालवायचा, त्यानं फार वर्षांमागं यीस्टला विषारी औषध पाजून त्यातून हा काढला होता. चांगलं यीस्ट बशीतल्या अगारावर, त्या थिजलेल्या खळीवर, रेघाटलं की दोन-तीन दिवसांत मोहरीएवढे ठिपके येतात. याचे यायचे खसखशीएवढे. दर ठिपका म्हणजे एका पेशीची सगळी पिलावळ, आणि याच्या पेशी दुभंगायलाच उशीर लावायच्या. म्हाताऱ्यानं कुपीवर नंबर टाकला होता, पण सगळे त्याला 'किरटं' म्हणायचे.

या धंद्याची रीत उलटी आहे. धडधाकट यीस्टला इथं कुणी विचारत नाही. मोटार चालू असली की तिच्यात काय काय आहे ते कुणाला कळतं? ती रस्त्यात अडून बसली की मगच बॉनेट उघडून बघतात. तसं इथं आजारी यीस्ट लागतं. त्याच्या वारशाच्या धाग्यात, म्हणजे डीएनएत, नेमक्या कुठल्या जनुकाला खोट आहे ते हुडकायचं, म्हणजे ते जनुक चांगलं असताना काय काम करत होतं ते कळतं. आणि यीस्टात सापडलं, की तसलंच आपल्या अंगातही बहुतेक सापडतं. किरट्याची खोट कुठं आहे ते म्हाताऱ्याला सापडलं नाही. तो मेला. ते हुडकायचं म्हणूनच रोनाला आणलं होतं.

पण रोनाच्या बशीत किरटं कधी किरटं उगवलंच नाही. म्हाताऱ्याच्या जुन्या छापील लेखात फोटो होता, त्यात ठिपके खसखशीचे. हिच्या बशीत मोहरीचे. हेक्टर म्हणायचा, तुझा अगार चुकतोय. तिनं अगार बदलला. साखर बदलली, पाणी बदललं, उबवणीचं कपाट बदललं. हेक्टर म्हणायचा, मग तुझा हात चुकतोय. हाताला ती काय बदलणार? सगळा धागा अक्षर न् अक्षर वाचून घेतला, तर त्यात खोटच नाही. तेव्हा हेक्टर म्हणाला, वाचण्यातच चूक झाली असणार. शेवटी त्यानं सांगून टाकलं होतं, की नाताळापर्यंत मला किरटं किरटेपणानं उगवून दाखव, नाहीतर खालची पदवी घे आणि मोकळी हो.

"म्हंजी माज्यामुळं," नेटा म्हणाली.

"तसं म्हणत नाही मी."

"तू म्हनू नगंस. मला कळतंय."

तिला कळत होतं, कारण त्या उन्हाळ्यानंतर ती हे काम शिकली होती. आजारी यीस्टात हजारात एखादी पेशी आपोआप सुधारते. ती भराभर वाढते आणि तिचा ठिपका इतरांपेक्षा मोठा येतो. म्हणून आजाऱ्याच्या बशीतला सगळ्यात मोठा ठिपका कधी उचलायचा नाही. हे आता ती नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायची, बोट नाचवून. पण स्वतःच्या पहिल्या उन्हाळ्यात तिचे हात कुठल्या वावरातून आले होते, त्याकडं तिनं मागं वळून कधी बघितलं नव्हतं.

ते वावर बटाट्याचं होतं. फॉरफरच्या अलीकडं बापाची जमीन, आणि बटाटाही खायचा नव्हे, बियाण्याचा. त्या अँगस परगण्यात बियाण्याचा बटाटा करणाऱ्याला नाक वर करून चालायची मुभा असते, पण त्यासाठी जुलै महिनाभर कंबर मोडावी लागते. सगळं घर ओळीनं सऱ्यांतून चालतं. पानं मुरडलेलं, पिवळं पडलेलं, खुरटं, दुसऱ्या जातीचं, असं एकेक रोप दिसलं की मुळासकट, खालच्या बटाट्यांसकट उपटायचं आणि पाठीवरच्या पोत्यात टाकायचं. बाप मागून चालायचा. एखादं रोप नजरेतून निसटलं तर तो ओरडायचा नाही. त्या रोपाशेजारी नुसता उभा राहायचा, निसटवणारा मागं येईपर्यंत. नेटाच्या वाटणीला तो फार कमी वेळा उभा राहिला. तिच्या भावाच्या, सँडीच्या वाटणीला सारखा. पुढं जमीन सँडीला मिळाली, कारण तो मुलगा होता. नेटाला ती नजर मिळाली.

ती नजर घेऊन तिनं लग्न केलं, डॉड सूटरच्या लॉरीवरचा संसार केला, डॉड छातीच्या दुखण्यानं गेल्यावर विद्यापीठात बाटल्या धुण्याची नोकरी धरली. आणि वितळलेल्या कुप्या पुढ्यात आल्या तेव्हा तिच्या बोटांनी जे करायचं तेच केलं. खुरटं टाकलं, टपोरं ठेवलं.

हेक्टरला सांगायला दोघी मिळून गेल्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे मुळातलं यीस्ट कुठंच नाही?"

"जिनिव्हाला एका प्रयोगशाळेत होतं," रोना म्हणाली. "मी विचारलं. त्यांनी जागा बदलताना जुनं सगळं टाकून दिलं."

"हं." हेक्टरनं चष्म्याची काडी उघडली, मिटली. "नेटा, यात तुझा दोष नाही. तेव्हा तुला कुणीतरी नीट सांगायला हवं होतं."

"कुनीतरी म्हंजी तुमीच हुता, हेक्टर."

"मी?"

"हिरवा स्वेटर घालून आल्ता. हातात कुप्यांचं खोकं. म्हनलं, एक उचल."

हेक्टर वाईट माणूस नव्हता. खोटंही बोलला नाही. पण चुकलो असंही त्याला म्हणवलं नाही. बराच वेळ त्यानं खिडकीबाहेर बघितलं, आणि तिथं धुक्याशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं.

"क्रॉस करा," शेवटी तो म्हणाला. "चांगल्या यीस्टशी जोडा लावा. एक आशा आहे."

ती आशा काय ते रोनानं जिन्यातच नेटाला पुन्हा सांगितलं. नेटाला ठाऊक होतं, तरी तिनं ऐकून घेतलं. पोरीला बोलायची गरज होती.

"दोन गोष्टी झाल्या असू शकतात. एक म्हणजे, जुनी खोट तशीच आहे आणि दुसरीकडं कुठंतरी नवा फरक होऊन त्यानं तिला टेकू दिलाय. लंगड्याला कुबडी मिळावी तसं. मग चांगल्याशी जोडा लावला की पोरांत कुणाला कुबडी जाईल, कुणाला लंगडा पाय जाईल. नुसता लंगडा पाय ज्याला गेला, ते किरटं. ते आपल्याला परत मिळेल."

"आन दुसरी?"

"दुसरी म्हणजे, खोट स्वतःच बरी झाली. जिथं मोडलं होतं तिथंच सांधलं. मग सगळी पोरं धडधाकट."

"मंग संपलं."

"मग संपलं."

"त्यो धागा वाचला तवा कुबडी दिसली न्हाय का?"

"जुन्या यीस्टात बारके फरक ढिगानं असतात. कुठला काय करतो ते नुसतं वाचून कळत नाही." रोना थांबली. "खोट मात्र मला दिसायला हवी होती. ते मी स्वतःला सांगत नाहीये सध्या."

जोडा लावला. यीस्टातही नर-मादीसारख्या दोन जाती असतात. त्या एकत्र ठेवल्या की जुळतात, आणि मग उपाशी ठेवलं की त्यांच्या पोटी चार दाण्यांची एक शेंग धरते. ती शेंग डोळ्याला दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक काचेच्या सुईनं तिचे चार दाणे सोडवून अगारावर ओळीनं अंतर ठेवून मांडायचे असतात. त्या मजल्यावर हे काम नेटाइतकं सफाईनं कुणाला येत नव्हतं. नवे पोरगे श्वास रोखून धरायचे आणि धडाधड दाणे हरवायचे. नेटा तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिव्या देत मांडायची.

त्या दिवशी तिनं शिव्या दिल्या नाहीत. रोना मागं उभी होती.

"उभी ऱ्हाऊ नगंस मागं. बापाची आठवन येतीया."

"सॉरी."

"जा, च्या घे. आन फॉरफरची खिम्याची ब्रायडी आनलीया मी, गार झाली आसंल, पर खा. पोटात काय न्हाय तुज्या."

"भूक नाही."

"भुकंचं कोन इचारतंय? खा म्हनलं."

रोना गेली. नेटानं शेंगेमागून शेंग सोडवली. दाणे सगळे सारखेच दिसत होते. कुठल्याच्या पोटात काय आहे ते सुईला कळत नाही.

रविवारी ती सँडीकडं गेली. खिमा आणि उकडलेला बटाटा, दर रविवारचं ठरलेलं. सँडीचे गुडघे आता गेलेले, पण जीभ शाबूत. तिनं सगळं सांगितलं. त्यानं ताटातला बटाटा काट्यानं चेपला आणि हसायला लागला.

"म्हंजी तू त्यास्नी धडधाकट माल काढून दिलास, आन ते रडत बसल्यात?"

"तुला कळायचं न्हाय ते."

"मला काय, कुत्र्याला बी कळायचं न्हाय. इद्यापीठात बटाटा लावला तर मुंडकं खाली करून उगवंल." त्यानं रस्सा ओढून घेतला. "बा आस्ता तर तुजी पाठ थोपटली आस्ती."

"थोपटली आस्ती. त्येच तर."

"आता त्येच तर म्हंजी काय?"

"काय न्हाय. खा."

तो खात राहिला. मग त्याच्या काहीतरी डोक्यात आलं. सँडी तसा मठ्ठ नव्हता. बापानं त्याला मठ्ठ म्हणून म्हणून तसा करून ठेवला होता.

"पर नेटे, त्या उन्हाळ्यात तू येकच कुपी भरलीस?"

"समद्या भरल्या."

"समद्या आजारी व्हत्या?"

नेटानं काटा खाली ठेवला. म्हाताऱ्याच्या हयातभराच्या कुप्या. निम्म्याहून अधिक आजारी. एकेक खोट हुडकण्यात लोकांची तारुण्यं गेलेली. सगळ्या तिच्या बोटांखालून गेल्या होत्या, त्या एका उन्हाळ्यात.

"बटाटा गार हुतोय तुजा," सँडी म्हणाला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं स्वतः उठून तिच्या कपात चहा ओतला. असं तो कधी करत नाही.

बशी बघायच्या दिवशी रोना नेटाच्या आधी आली होती. उबवणीच्या कपाटाचं दार तिनं उघडलं नव्हतं. अंगावरचा कोटही काढला नव्हता.

"तू काढ," ती म्हणाली.

नेटानं बश्या काढल्या. पहिली खिडकीच्या उजेडापुढं धरली.

ओळीनं ठिपके उभे होते. चारचारच्या रांगा, सरळ, पांढऱ्या, एकसारख्या. एकही दाणा मेलेला नाही, एकही खुरटलेला नाही. तिनं दुसरी बशी धरली. तिसरी. रोना प्रत्येक बशी तिच्या हातातून घ्यायची, उजेडाला लावायची, खाली ठेवायची. शेवटची तिनं जास्त वेळ धरली. एका कडेचा ठिपका जरासा लहान वाटत होता. तिनं तो भिंगाखाली घेतला. लहान नव्हता. अगारात बुडबुडा होता, त्याच्या काठानं उगवला होता, एवढंच.

"सगळे," रोना म्हणाली.

"समदे."

"किती छान उगवलेत."

नेटाला काही बोलायचं होतं. पण आयुष्यभर असल्या ओळी बघून जे बोलत आली तेवढंच तिच्या तोंडाशी येत होतं, आणि ते आज बोलण्यासारखं नव्हतं. तिनं बश्या एकावर एक रचल्या.

हेक्टरनंही बघितल्या. त्याला बराच वेळ लागला. मग त्यानं रोनाच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. हात चुकत नव्हता तुझा, एवढंच तो म्हणाला. तिनं तीन वर्षं हे वाक्य ऐकायची वाट बघितली होती, पण आता त्याचं काय करायचं ते तिला समजेना. नवीन विषय घेऊन पुन्हा सुरू कर, असंही तो म्हणाला. ती म्हणाली, नाही. विचार करून सांगते असंही म्हणाली नाही.

नाताळाआधी तिनं खालची पदवी घेतली. एडिंबरात एका इस्पितळात रक्त तपासायची नोकरी मिळाली होती. शेवटच्या दिवशी तिनं बाकड्यावरचं आपलं सामान एका खोक्यात भरलं. सामान थोडकंच होतं. लिहायचं काही उरलं नव्हतं त्यामुळं कागद कमी होते. जाताना ती धुण्याच्या खोलीत आली.

"निगालीस?"

"हो. साडेअकराची गाडी."

"रक्त बरं. त्यात मोठा ठिपका, बारका ठिपका, भानगड नस्ती."

"असते. वेगळी असते." रोना जरा हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

नेटानं हात पुसले. "माज्यावर राग हाय?"

रोनानं खोकं दुसऱ्या काखेत घेतलं. खोटं बोलायचं का, याचा ती विचार करत होती, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"आहे थोडा," ती म्हणाली. "जाईल. नाही गेला तर कळवीन."

"कळव."

मिठी वगैरे काही झाली नाही. नेटा त्यातली नव्हती, आणि खोकं मधे होतं. रोना जिन्यानं खाली गेली. तिची पावलं दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आली, मग खालच्या दारानं आवाज केला.

नेटा परत आत आली. हेक्टर फ्रीजरच्या खोलीच्या दारात उभा होता. हातांत जाड हातमोजे आणि कुप्यांचं एक खोकं. थंडीनं खोक्यातून वाफ निघत होती. त्याला काय विचारायचं होतं ते त्याला विचारता येईना.

"ठेवा तितं," नेटा म्हणाली. "समद्या तपासाय लागतील. मला ठाऊक हाय."

"वेळ लागेल."

"लागू द्या."

"जी जुन्या लेखाशी जुळणार नाही, तिच्यावर खूण कर. फक्त खूण. टाकू नकोस."

"टाकायचं कामच सोडलंय म्या," ती म्हणाली.

हेक्टर खोकं बर्फावर ठेवून निघून गेला. तिनं पहिली कुपी काढली, टोपण फिरवलं, निर्जंतुक दातकोरणीच्या टोकानं वरचा गोठलेला कण खरवडला आणि बशीवर रेघाटला. मग दुसरी. यातल्या कितींचं काय उगवणार, ते तिला पुढच्या आठवड्यात दिसणार होतं. बऱ्याच बश्या छान उगवतील, असं तिचं मन सांगत होतं.

मागं अगाराची बाटली निवत आली होती. गोठली की वाया जाते. तिनं दातकोरणी टाकली, बाटली गालाला लावून बघितली, रिकाम्या बश्यांची चळत पुढ्यात ओढली आणि ओतायला लागली.